पायरीच्या माथी खापर

माझ्या दुकानाच्या भिंतीला भगदाड होतं आणि ते बुजवायचं नाही असं मी ठरवलं होतं. एवढं ऐकलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू ट्रक भिंतीत नाही, माझ्या डोक्यात घुसला होता.

दुकान म्हणजे बायकांचे केस कापायचं पार्लर. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं बेसिन. समोरचा रस्ता उताराचा. रस्त्याकडच्या भिंतीला उजवीकडे दार आणि दाराबाहेर पायरी. डावीकडे भगदाड, चांगली म्हैस आत यावी एवढं. ट्रक मागे ओढून काढला तेव्हा उरलीसुरली भिंत बाहेर कोसळली आणि विटांचा ढीग पायरीवर जाऊन बसला. मी भगदाडाला ताडपत्री लावली, ढिगाला हात लावला नाही, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की मागच्या बोळातून या.

झालं होतं ते असं. लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रक उतारावरून आला आणि थांबलाच नाही. ब्रेक लागेनात. खुर्चीत एक मुलगी होती, शाळेत शिकवणारी, माझ्याकडे पहिल्यांदाच आलेली. मी बेसिनपाशी फवारा भरायला वळले, म्हणून मी आज हे लिहितेय. ती जागीच गेली. माझ्या पायावर बेसिन पडलं आणि बेसिनवर भिंत. आत आलेलं चाक मी डोळ्यांनी बघितलं. ते खुर्चीच्या जागी होतं, दारापासून चांगलं लांब. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला होता आणि एकच म्हणत होता, "मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं त्यांना." त्याने ब्रेकची तक्रार केली होती आणि त्याला उत्तर मिळालं होतं, एवढी खेप टाकून ये, मग बघू.

आता कंपनीचं म्हणणं ऐका. ट्रक आमचा नाही, भाड्याचा आहे. ड्रायव्हर आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे. माल आमचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. ट्रकच्या दोन्ही दारांवर आणि मागच्या फळीवर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं, ते मात्र बहुतेक वाऱ्याने येऊन चिकटलं असावं. एवढे हात झटकून झाल्यावर त्यांना एक वस्तू सापडली जिला मालक होता. माझी पायरी. पायरी रस्त्यात आलेली होती, ट्रकचं पुढचं चाक तिच्या कोपऱ्यावर आपटलं, त्यामुळे स्टिअरिंग हातातून सुटलं आणि ट्रक भिंतीत गेला. म्हणजे ती मुलगी गेली ती माझ्यामुळे. ट्रक भाड्याचा, ड्रायव्हर दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा, आणि पायरी तेवढी माझी.

हे मी हॉस्पिटलच्या खाटेवर ऐकलं. पाय लोखंडी सळ्यांनी बांधलेला होता, नाहीतर तिथल्या तिथे उठून चालत गेले असते.

माझ्या वकीलबाई वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला धारदार. त्यांनी मला नीट समजावलं. ट्रक ज्याच्या नावाने आणि ज्याच्या कामासाठी चालतो, त्याला जबाबदारी अशी झटकता येत नाही. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला मागायचा हक्क आहे, नुसते पैसे नाही, कोणाची चूक हेसुद्धा. "फक्त एक गोष्ट," त्या म्हणाल्या, "न्यायालयाचा पाहणी अधिकारी येऊन जाईपर्यंत तिथली एक वीटही हलवू देऊ नका. फोटोत नुसता ढीग दिसतोय. पायरी ढिगाखाली आहे. तिचा कोपरा शाबूत निघाला की त्यांची सगळी गोष्ट तिथेच संपली."

म्हणून भगदाड. डोक्यात ट्रक वगैरे काही नाही.

मी कुबडी घेऊन दुकानात परतले त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची टोपली, आवाजात साखर. मी त्याचं नाव मनातल्या मनात गोडबोल्या ठेवलं आणि पुढे सगळ्यांच्याच तोंडी तेच बसलं.

"ताई, हे असं उघडं किती दिवस ठेवणार?" तो ताडपत्रीकडे बघत म्हणाला. "आमची माणसं पाठवतो. दोन दिवसांत भिंत उभी. एक पैसा नको. माणुसकी म्हणून."

"माणुसकी ब्रेकला लावायची होती," मी म्हटलं. "भिंतीला नको."

तो हसला. या लोकांना हसायचं शिकवत असावेत. टोपली तिथेच ठेवून गेला. फळं मी सगळ्या गिऱ्हाइकांना वाटून टाकली, फळांनी काय घोडं मारलंय?

भगदाडासकट धंदा सुरू झाला. धूळ यायची, गाड्यांचे भोंगे थेट कानात वाजायचे, वारा सुटला की कापलेले केस सगळ्या दुकानभर नाचायचे. उंच स्टुलावर बसून केस कापायला मी शिकले. एक जुनी गिऱ्हाईक म्हणाली, "बाई, तुझ्याकडे आता आरसा नको, सगळा रस्ताच मला बघतोय." पण ती आली. बऱ्याच जणी आल्या. काही नाही आल्या. त्यांना त्या खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे बघवत नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. मलाही बघवत नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या ह्यांना. आमचे हे गवंडी. साधेसुधे नाही, ओळंब्याची दोरी जरा हलली तरी जेवण न जाणारे गवंडी. हे दुकान त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं, लग्नानंतर पहिल्यांदा. दुसऱ्याच्या घरातल्या भिंतीला चीर दिसली तरी यांचं बोट आपोआप तिच्यावरून फिरतं. आणि इथे बायकोच्या दुकानाची भिंत फाटून पडलेली, आणि हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी मला न्यायला यायचे आणि ताडपत्रीकडे पाठ करून उभे राहायचे.

"बाकीचे गवंडी विचारतात मला," ते एकदा म्हणाले. "म्हणतात, घरचं काम जमेना वाटतं."

"मग सांगा त्यांना, बायको ऐकत नाही."

"ते सांगितलं," ते म्हणाले. "त्यावर विश्वास बसला त्यांचा."

पायातल्या सळ्या काढायला मला पुन्हा हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. पाहणी अधिकारी त्याच्या पुढच्या आठवड्यात येणार होता. निघताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, लक्ष ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो." माणूस शब्दाचा पक्का. फक्त मी कशावर लक्ष ठेवा म्हणाले आणि त्यांनी कशावर ठेवलं, त्यात फार मोठं अंतर पडलं.

मी परत आले तेव्हा रिक्षा दुकानासमोर थांबली आणि मला वाटलं पत्ता चुकला. भिंत उभी होती. सरळ, गुळगुळीत, गिलावा करून वर पांढरा हात मारलेला. दाराबाहेर नवीकोरी पायरी. आणि पायरीवर आमचे हे, केस विंचरून, धुतलेल्या कपड्यांत, लग्नातल्यासारखे उभे.

"तू येईपर्यंत करायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "रात्रीचा दिवस केला. आत ये ना. बघ तरी."

मी कुबडीने पायरीवर ठोकलं. "ही?"

"चार बोटं मागे घेतली. रस्त्याच्या आत एकदम. आता कोणाची बोलायची हिंमत नाही की पायरी बाहेर आहे."

"जुनी पायरी फुटलेली होती का?"

आणि माझा हा भाबडा माणूस अभिमानाने म्हणाला, "फुटेल कशी? माझ्या हातचं काम. एवढा ढीग पडला वरून, पण कोपऱ्याचा एक टवका उडाला नव्हता. फोडताना माझाच घाम निघाला."

हे बोलता बोलताच ते थांबले. मी काही म्हणायची गरज पडली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं आणि ते त्याच पायरीवर मटकन खाली बसले.

"विटा कोणी दिल्या?" मी विचारलं.

"गोडबोल्याने."

"आणि ढीग कुठे आहे?"

"त्यांच्याच ट्रकने नेला. म्हणाला, ताईंना धूळ नको. रेघही त्यानेच मारून दिली खडूने, पायरी इथपर्यंत घ्या म्हणून." मग ते फार खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, निदान त्याला तरी लाज वाटतेय."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं तेवढं पुरे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती एका पायावर उभं असलं तरी जाते. मला त्यांचा राग होता, गोडबोल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा होता की भिंत खरोखर सुंदर झाली होती.

वकीलबाईंनी डोकं धरलं. "आता ते म्हणणार, पायरी चुकीच्या जागी होती म्हणूनच तुम्ही घाईने मागे घेतलीत. तुम्हीच चूक कबूल केलीत, असं होतं ते."

आणि झालंही तसंच. गोडबोल्या आला, या वेळी रिकाम्या हाताने. निम्मी चूक तुमची, निम्मी आमच्या कंत्राटदाराची, असं मान्य करून सही द्या, प्रकरण मिटलं. "नाहीतर ताई, त्या मुलीच्या आईचा दावा तुमच्यावरही येईल. आम्ही त्यांना पायरीचं सगळं सांगितलंय."

"सही करायला हात लागतो," मी म्हटलं. "माझे दोन्ही कामात आहेत." आणि मी समोरच्या बाईचे केस कापत राहिले.

त्या मुलीची आई आली ती एका दुपारी. मागच्या बोळातून नाही, नव्या पायरीवरून, थेट आत. साधी सुती साडी, हातात पिशवी. उरलेल्या एका खुर्चीत बसल्या आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी तिची आई."

मी कात्री खाली ठेवली.

"तुमची पायरी बाहेर होती का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "होती, मावशी," मी म्हटलं. "चार बोटं. या रस्त्यावर सगळ्यांच्याच आहेत. पण ट्रक तिला लागला नाही. मी बघितलंय. पायरी अख्खी होती. आणि ती आमच्या ह्यांनी फोडली, कारण ते साधे आहेत आणि तो माणूस हरामखोर आहे."

त्यांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "तिचे केस एका बाजूने तुटले होते. मला वाटलं, ट्रकने तोडले."

"नाही, मावशी. ते मी कापले होते. तिला छोटे हवे होते. म्हणाली, आई रोज वेणी घालून देते, तिचे हात दुखतात पण ती सांगत नाही. हसत होती. मला म्हणाली, घरी गेल्यावर ओरडा खाणार आहे मी."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही ते मला कळेना, कारण हात तोच होता. शेवटी त्या उठल्या आणि गेल्या. त्यांनी कोणाचं खरं मानलं, ते मला कळलं नाही.

सुनावणीच्या दिवशी आमचे हे कोर्टात साक्षीला उभे राहिले. मावशींचा दावाही त्याच सुनावणीत होता, आणि त्या एका बाजूला एकट्याच बसल्या होत्या. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की समोरचे वकील त्यांची साल काढतील. "काढू देत," ते म्हणाले होते. "मी चुकलो ते मीच सांगणार."

कंपनीच्या वकिलांना सकाळीच जिंकल्यासारखं वाटत होतं. "पायरी तुम्ही स्वतः फोडलीत?"

"हो."

"आणि मागे घेतलीत?"

"हो."

"जागा बरोबर होती, तर मागे का घेतलीत?"

ह्यांनी मागे वळून बघितलं. मला वाटलं, पाचावर धारण बसली. इतक्या माणसांसमोर, आणि मागच्या बाकावर त्यांच्याच कामावरचे दोन गवंडी बसलेले.

"कारण मी मूर्ख बनलो," ते म्हणाले. "बायको सांगत होती हात लावू नका, मी लावला. त्या साहेबांनी विटा दिल्या, सिमेंट दिलं, खडूने रेघ मारून दिली, पायरी इथे घ्या म्हणाले. मी घेतली. मला उघडी भिंत बघवत नव्हती. जुनी पायरी अख्खी होती. तिच्यावर चाक आपटलं असतं तर कोपरा राहिलाच नसता. मी बांधली आणि मीच फोडली, माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?"

"तुम्ही त्यांचे पती आहात. असंच बोलणार."

"पती आहे म्हणूनच तर तिने मला पंधरा दिवस जेवायला वाढलं नाही," हे म्हणाले, आणि कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून गोडबोल्याकडे बघितलं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता.

"तो ढिगारा तुमच्या गाडीने नेला?"

गोडबोल्या उठला. "मदत म्हणून, साहेब."

"आता कुठे आहे?"

"भरावात टाकला."

"जागेची पाहणी व्हायची आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

गोडबोल्याने आपल्या वकिलांकडे बघितलं. वकील आपल्या बुटांकडे बघत होते.

"हे तुम्ही शपथेवर सांगा," न्यायाधीश म्हणाले. "पुरावा ज्याने उचलून नेला, त्याला तो नसल्याचा फायदा घेता येत नाही. मधल्या सुट्टीनंतर तुमची साक्ष."

सुट्टीत कंपनीचे वकील आमच्यामागे धावत बाहेर आले. सकाळी ज्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं, ते माझ्यासाठी बाक पुसत होते. गोडबोल्या त्यांच्या मागे उभा. नवा प्रस्ताव होता. आम्ही मागितली होती तेवढी सगळी रक्कम, मला आणि मावशींनाही. आजच. मला कसलाही दोष नाही. अट एकच, कोणाचीच चूक नव्हती असं दोन्ही बाजूंनी मान्य करायचं आणि साक्ष इथेच थांबवायची.

वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगते," त्या म्हणाल्या. "हे वाईट नाही. निकाल लागला तरी ते वर जातील. वर्षं जातील. तुमचा पाय, तुमचं दुकान, सगळ्याला पैसा लागणार आहे. तुम्ही घेतलंत तर तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "या वेळी खरंच."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. खुर्ची नवी घ्यायची होती, डॉक्टर अजून एक ऑपरेशन म्हणत होते. पण दोष माझ्यावरून उचलायचा आणि कुठेच ठेवायचा नाही? मग उद्या ड्रायव्हर म्हणणार ब्रेक लागत नाहीत, आणि यांच्यातला कोणीतरी पुन्हा म्हणणार, एवढी खेप टाकून ये. मी कुबडी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मावशी तिथे एकट्याच बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. "तुमचा शब्द अखेरचा, मावशी. मुलगी तुमची होती."

मावशींनी गोडबोल्याकडे बघितलं. "कोणाची चूक नव्हती?"

"मावशी, शेवटी नशिबापुढे कोणाचं काय चालतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"नशिबाचा ट्रक नव्हता तो," मावशी म्हणाल्या. "दारावर तुमचं नाव होतं." मग माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच मला एकेरी हाक मारली. "चल गं, आत बसू."

आम्ही आत जाऊन बसलो, त्या पुढच्या रांगेत कडेला आणि मी त्यांच्या शेजारी. हे आमच्या मागे. न्यायाधीशांनी विचारलं, "तडजोडीचं काही बोलणं झालं का?"

मी उठले. कंपनीचे वकील अगदी मायेने म्हणाले, "बसून सांगितलंत तरी चालेल. पायाला त्रास होईल."

"पायाला त्रास तुम्ही देऊन झालाय," मी म्हटलं. "साहेब, तडजोड नाही. हे कोणामुळे झालं ते आम्हाला लिहून पाहिजे. कितीही दिवस लागू देत."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मग पुकारा झाला, तो गोडबोल्याच्या नावाचा. साक्षीच्या पिंजऱ्याकडे जायची वाट मावशींच्या समोरून होती, आणि वाट अरुंद होती. तो येऊन त्यांच्यापुढे थांबला, म्हणाला, "जरा सरकता का?"

मावशींनी पाय आखडले नाहीत. त्याला सगळ्या रांगेला वळसा घालून जावं लागलं.